ज्वालामुखीच्या काठी बसू नये

...आणि मला एक सांगा, रविवारी सकाळी बायकोने न मागता दुसरा चहा आणून दिला, तोही साखर घातलेला, तर माणसाने काय समजायचं? नाही, तुम्हीच सांगा. चोवीस वर्षं झाली आमच्या लग्नाला. मला बीपी निघालं, पाठोपाठ थोडी शुगर निघाली, त्या दिवसापासून आमच्या घरात साखरेचा डबा कुठे असतो हे मला ठाऊक नाही. बॉनमधला तीन खोल्यांचा फ्लॅट, त्यात लपवायला जागा ती किती, पण नंदिनीने साखर लपवली ती लपवली. मी एकदा तळघरातल्या सायकलींमागेसुद्धा शोधून आलो. आणि त्या रविवारी, सकाळचे सात, अजून मी दातही नीट घासलेले नाहीत, आणि माझ्या हातात कप, कपात चांगली दोन चमचे साखर. मी एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. म्हटलं, कुठेतरी पाणी मुरतंय.

बरं, एवढ्यावर तरी थांबावं? तर माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "उल्हास, आज आपण फिरायला जाऊ या."

उल्हास. तुम्हाला सांगतो, मी चोवीस वर्षं 'अहो' आहे. फारच रागावली तर 'ऐकलंत का' आहे. तिच्या तोंडून माझं नाव मी एकदाच ऐकलं होतं, तेही इथल्या परदेशी लोकांच्या कचेरीत, नंबर लागला तेव्हा खिडकीतल्या बाईला सांगताना. आणि आता एकदम उल्हास, तेही हळू आवाजात, आजारी माणसाला उठवतात तसं.

कुठे जायचं फिरायला? तर ज्वालामुखी बघायला.

तुम्ही म्हणाल, जर्मनीत कसले आलेत ज्वालामुखी. मलाही एकोणीस वर्षं तसंच वाटायचं. या देशात रविवारी वरच्या मजल्यावर कोणी भिंतीत खिळा ठोकला तर खालचा माणूस पत्र लिहितो, तिथे डोंगर फुटायला परवानगी कोण देणार? पण आहेत. बॉनहून गाडीने पाऊण तास खाली गेलं की आयफेलचे डोंगर लागतात, त्यात शेकड्याने जुनी विवरं, आणि तो सगळा मुलूख नॅशनल जिओपार्क म्हणून राखलेला. त्यात एक मोठा गोल तलाव आहे, लाखर झे. झे म्हणजे तलाव. दिसायला अगदी सालस, काठाने दाट झाडी, एका बाजूला जुना मठ, लोक रविवारी जेवणाचे डबे घेऊन चालायला येतात. आणि तो तलाव म्हणजे ज्वालामुखीचं तोंड आहे. तेरा हजार वर्षांपूर्वी फुटला तेव्हा राख म्हणे पार स्वीडनपर्यंत गेली. बरं, मेलेला नाही. खाली अजून धग आहे. आणि हे सगळं मला नंदिनी सांगतेय, जिला गच्चीत सिगारेट पेटलेली चालत नाही. मयुरेशही येणार आहे म्हणाली.

हा मयुरेश म्हणजे आमचा मित्र, माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान, कोलोनला दवाखान्यात भूल देणारा डॉक्टर आहे. ऑपरेशनच्या आधी माणसाला झोपवायचं, नंतर उठवायचं. मला सांगा, ज्वालामुखी बघायला भूलतज्ज्ञ कशाला लागतो?

आता मी मुळात संशयी माणूस आहे, हे कबूल. पोटापाण्याचा धंदाच तो आहे. इथल्या एका कारखान्यात मी गाड्यांचे ब्रेक तपासतो. समोरचा म्हणतो ब्रेक लागतो, मी म्हणतो लावून दाखव. तो म्हणतो हजार वेळा लागला, मी म्हणतो एक हजार एकाव्या वेळेचं बोल. त्यामुळे मी काय केलं, चहा बाजूला सारला आणि म्हटलं, आधी ताईला फोन करतो, मग कुठे ज्वालामुखीत उडी मारायची ती मारू.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण, लताताई. साताऱ्याला असते. माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. दहा दिवसांपूर्वी तिचं पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन झालं, साधंच, तिसऱ्या दिवशी घरी सोडणार होते, ते काही सोडलं नाही. रोज सकाळी मी फोन करायचो. आदल्या दिवशी आवाज फार बारीक आला, तर म्हणाली घसा बसलाय रे, बाकी काही नाही. म्हणून म्हटलं, फोन कुठाय माझा?

"चार्जिंगला लावलाय," नंदिनी म्हणाली. "आल्यावर करा. ताई झोपल्या असतील आत्ता."

साताऱ्यात साडेदहा वाजलेले. ताई साडेदहाला झोपलेली? माझ्या ताईने साडेदहापर्यंत शेजारच्या दोन घरांतलीही कामं उरकलेली असतात. आणि चार्जरची वायर तिथे टेबलावर पडलेली, तिच्या टोकाला काही नाही. मी वायरीकडे बघितलं, नंदिनीने माझ्याकडे बघितलं, मग आम्ही दोघांनी खिडकीबाहेर बघितलं. म्हटलं, कुठेतरी पाणी मुरतंय.

आणि पुढे मी विचारलं नाही. का नाही विचारलं? सांगतो. आधी डिकीचं ऐका.

मयुरेश गाडी घेऊन आला. मी छत्री टाकायला डिकी उघडली तर आत माझी बॅग. मोठी, चाकांची, भारतात जायची. मी म्हटलं ही कशाला? तर नंदिनी म्हणते, असू दे, बुटांना चिखल लागला तर दुसरे कपडे. तेवीस किलोचे? मी काय चिखलात लोळणार होतो का? पण मयुरेशने इतक्या हलक्या हाताने डिकी लावली की मी मनातल्या मनात तपासणी सुरू केली. पहिला संशय, नंदिनीने कुठेतरी हॉटेल बुक केलंय, लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाचं. पण पंचविसावा पुढच्या वर्षी. दुसरा संशय, माझ्या रक्ताचा रिपोर्ट आलाय आणि तो मला न दाखवता मयुरेशला दाखवलाय, आणि ही बॅग दवाखान्याची आहे. हा जरा पटला. कारण पुढच्या सीटवर मयुरेशच्या पिशवीतून काय डोकावत होतं माहितेय? बीपी मोजायचं मशीन. ट्रेकला लोक पाण्याच्या बाटल्या आणतात, हा मशीन घेऊन आलेला.

आणि मयुरेश माझं सगळं ऐकत होता. हे तुम्हाला साधं वाटेल, पण तो नागपूरचा आहे. एरवी मी 'आज रविवार' म्हटलं तरी म्हणेल तसं नसतं दादा. मी मुद्दाम तपासून बघितलं. म्हटलं, मयुरेश, काही म्हण, पण नागपूरची संत्री आता पूर्वीसारखी राहिली नाहीत. म्हणाला, बरोबर आहे दादा. मी म्हटलं, आणि उन्हाळा तर पुण्यालाच जास्त. म्हणाला, हो, खरंय तुमचं. नागपूरचा माणूस. मला घाम फुटला.

मागे माझ्या शेजारी आमची अवनी. पंधरा वर्षांची, इथेच जन्मली, मराठी सगळं कळतं पण उत्तर जर्मनमधून देते. मी काही विचारलं तर 'या' म्हणजे हो, नाहीतर 'गेनाऊ' म्हणजे बरोबर, एवढ्यावर आमचं वर्ष निघतं. तर त्या दिवशी तिने कानातली ती बोंडं काढली, खिशात ठेवली, आणि माझा हात धरला. पाऊण तास सोडला नाही. पंधरा वर्षांच्या मुलीने बापाचा हात धरायचा, जर्मनीत, दिवसाढवळ्या? तेव्हा मात्र माझी खात्रीच झाली की मी जाणार. सहा महिने, फार तर आठ. मी मनात अवनीचं शिक्षणसुद्धा मार्गी लावून टाकलं.

पोचलो तलावाशी. हवा स्वच्छ, पान हलत नव्हतं. सगळा फेरा आठ किलोमीटरचा, नंदिनी म्हणाली आपण अर्धाच करू, पलीकडे बुडबुडे येतात तिथपर्यंत. चालायला लागलो. आणि चालता चालता बघतो तर नंदिनी घड्याळ बघतेय. दर पाच मिनिटांनी. निसर्गात आल्यावर घड्याळ कोण बघतं? म्हटलं, कुठेतरी पाणी मुरतंय.

मग सुरू झालं खाणं. अर्धा किलोमीटर झाला नाही तर हिने डबा काढला. पोळीची गुंडाळी, आत बटाट्याची भाजी. खाऊन घ्या. मी म्हटलं आत्ता नको. मयुरेश म्हणतो, खाऊन घ्या दादा, पोटात काहीतरी असावं. अवनीसुद्धा बघतेय, बापाने घास घेतला की नाही. चालता चालता मी दोन पोळ्या खाल्ल्या, तुम्हाला सांगतो, आणि एकेक घास मोजत होतो. कारण ही पद्धत मला माहीत आहे. मी कराडला होस्टेलवर होतो तेव्हा एकदा काका अचानक आले, म्हणाले चल, हॉटेलात जाऊ. उपमा मागवला, स्वतः काही खाल्लं नाही, मला म्हणाले अजून एक प्लेट घे. मी खूश. दुसरी प्लेट संपली, मला पाणी पाजलं, बाकावर बसवलं, आणि सांगितलं की वडील पहाटेच गेले. आपल्याकडे तसंच असतं. आधी खायला घालायचं, कारण एकदा कळलं की मग अन्न उतरत नाही, मग बसवायचं, मग पाठीवर हात ठेवायचा, आणि मग सांगायचं. तीस-बत्तीस वर्षं झाली, मी उपमा खात नाही.

तर खायला घालून झालं होतं. आता राहिलं होतं बसवायचं.

आणि इथे तो ज्वालामुखी माझ्या मदतीला धावून आला.

पलीकडच्या काठाला पोचलो तर खरंच बुडबुडे. काठापासून हातभर अंतरावर, तळ्यातून अखंड बुडबुडे, कढईत तेल तापायला ठेवावं तसे, पण पाणी थंड. मी हात घालून बघितला. गार पाणी आणि उकळी. मला सांगा, ज्या पाण्याला ताप नाही आणि तरी ते उकळतं, त्या पाण्यावर विश्वास कसा ठेवायचा? शेजारी पाटी. जर्मन माणूस पाटी लावतो ती वाचण्यासाठी लावतो, म्हणून मी ती सगळी वाचली. खालच्या धगीतून वायू येतो, कार्बन डायऑक्साइड, हवेपेक्षा जड, वारा नसेल तर सखल जागी साचतो, तेव्हा काठाशी खाली वाकू नये, बसू नये, लहान मुलं आणि कुत्री सांभाळावीत.

एवढ्यात मयुरेश म्हणतो, "दादा, बसा ना जरा."

"इथे? पाटी वाचलीस का?"

"अहो, उघड्यावर काही होत नाही."

"तू भूल देणारा. तुला माणूस आडवा झालेलाच बरा वाटतो."

तो हसलासुद्धा नाही. नंदिनी म्हणाली, तिकडे पुढे लाकडी बाक आहे, तिथे बसू. मी बघितलं, बाक उतारावर खालच्या अंगाला. म्हटलं, सखल जागा. ती म्हणाली बरं, त्या ओंडक्यावर. म्हटलं, ओंडका जमिनीला टेकलेला आहे, वायू जमिनीलगतच असतो. मयुरेश म्हणाला, मग त्या खडकावर? मी म्हटलं, हा खडक कुठून आला माहितेय का? आतून. उडून आलाय तो. जो एकदा उडाला त्याच्यावर मी बसायचं?

मग म्हणे, उभ्या उभ्या तरी बीपी बघू. तलावाकाठी, येणारेजाणारे बघतायत, मी बाही वर करून उभा, आणि मशीन घूं घूं करतंय. एकशे अठ्ठावन्न निघालं. मयुरेशने नंदिनीकडे बघितलं, नंदिनीने घड्याळाकडे. मी म्हटलं, साखरेच्या चहाने वाढलं.

तेवढ्यात एक म्हातारा जर्मन आला, दोन हातांत दोन काठ्या घेऊन. मी त्याला गाठलं. म्हटलं, साहेब, एक काय ते सांगा, हा ज्वालामुखी मेलाय की जिवंत आहे? तो थांबला, काठ्या जमिनीत रोवल्या, विचार केला. म्हणाला, मेलेला नाही. झोपलाय. मी म्हटलं, झोपलाय असं नुसतं म्हणायला आहे, की खरंच झोपलाय? त्याला प्रश्न कळला नाही. त्याच्या देशात झोपलेला म्हणजे झोपलेलाच असतो. म्हटलं, उठणार कधी? म्हणाला, ते कोणाला माहीत नाही, पण उठायच्या आधी तो कळवेल, जमीन थरथरेल, वायू वाढेल, आमची माणसं मोजतायत. म्हणजे बघा, इथला ज्वालामुखीसुद्धा आधी कळवतो.

मी त्या म्हाताऱ्याला अर्धा तास सोडला नाही. राख किती जाड, लाव्हा कुठवर, गावं कुठे वसली, सगळं विचारलं. मागे नंदिनी दोनदा म्हणाली, अहो, जरा इकडे या, मला बोलायचंय. मी म्हटलं एक मिनिट. तो म्हातारा शेवटी काठ्या उपटून निघून गेला, तर मी पाटी पुन्हा वाचायला घेतली, या वेळी मोठ्याने, मराठीत भाषांतर करून, आमच्या कोणाला जर्मन येत नसल्यासारखं. मग तेरा हजार वर्षं म्हणजे किती पिढ्या, त्याचा हिशेब. मग ब्रेकचं आणि ज्वालामुखीचं तत्त्व कसं एकच आहे, ते. मी बोलत होतो, बोलत होतो, श्वास घेत नव्हतो.

आता का, ते सांगतो. रक्ताचा रिपोर्ट, हॉटेल, हे सगळं मी स्वतःलाच दाखवत होतो. मला सकाळी सातलाच कळलं होतं. साखरेच्या पहिल्या घोटाला. त्यांच्याने सांगवत नव्हतं आणि मला विचारवत नव्हतं, आणि मी म्हटलं, जोवर मी बसत नाही तोवर हे लोक सांगू शकणार नाहीत. आणि जोवर ते सांगत नाहीत तोवर साताऱ्यात माझी ताई झोपलेली आहे. साडेदहाला का होईना.

सव्वाबारा वाजले असतील. मी पिढ्यांचा हिशेब पाचशेवर आणला होता. अवनी माझ्याजवळ आली, बुडबुड्यांकडे बघत उभी राहिली, आणि म्हणाली, "बाबा, वारूम वाइन्स्ट डू निश्ट?"

बाबा, तू रडत का नाहीस?

इतकं साधं. कोणी मला बसवलं नाही, पाठीवर हात ठेवला नाही. मी म्हटलं, का रडू? ती गोंधळली. तिला वाटलं होतं मला माहीत आहे. ताईची मुलगी तनया आणि हिचं रोज काहीबाही चालतं फोनवर. तिने मला सांगितलं, पहाटे तनयाने दोनच शब्द पाठवले होते, आई गेली. हिला वाटलं, बाबाला घरात बसवेना म्हणून बाबा रानात चालायला आलाय. इथली माणसं जातात तशी. तिच्या मैत्रिणीचे वडील त्यांची आई गेल्यावर तीन दिवस एकटेच डोंगरात चालत होते म्हणे. म्हणून तिने पाऊण तास माझा हात धरला होता.

आणि मागून नंदिनी म्हणाली, "गेल्या?"

म्हणजे तिलाही माहीत नव्हतं. ती मटकन खाली बसली, त्याच खडकावर, आणि तिला काही झालं नाही. वायूबियू काही नव्हता तिथे.

मग उलगडलं सगळं. ताई गेली पहाटे. भाचा वेदांत, त्याला वाटलं मामीला एकदम धक्का नको, म्हणून त्याने सकाळी नंदिनीला फोन करून सांगितलं, आई जरा सिरियस आहे, मामाला दुपारच्या विमानाने पाठवा. आता मला सांगा, आपल्याकडे फोनवर सिरियस असलेला माणूस कधी बरा झाल्याचं तुम्ही ऐकलंय? पण नंदिनी म्हणते, मला वाटलं खरंच सिरियस. आपल्या माणसाबद्दल असेल तर माणूस शब्दाला धरून बसतो. तिने तिकीट काढलं, बॅग भरली, फोन पर्समध्ये लपवला, आणि मला बीपी, म्हणून तिला वाटलं मला 'सिरियस' हेसुद्धा एकदम सांगायला नको. मयुरेशला विचारलं. मयुरेशला 'सिरियस' म्हणजे काय ते बरोब्बर कळलं, पण तो म्हणतो, वहिनींना मी कसं सांगणार? तो म्हणाला, दादांना मोकळ्या हवेत नेऊ, शांत बसवून सांगू, मी आहेच बरोबर, तलाव फ्रँकफर्टच्या रस्त्यावरच आहे, तिथून थेट विमानतळ. बघा किती चोख. म्हणजे साताऱ्याहून मरणाची बातमी निघाली ती बॉनला पोचेपर्यंत आजारपण झाली, आणि माझ्या टेबलापर्यंत येईस्तोवर तिची सहल झाली होती. आणि यात एकाचाही हेतू वाईट नाही. एकाचाही. मी शोधला.

विमान अडीचचं. आम्ही तलावाच्या मागच्या बाजूला, गाडी चार किलोमीटरवर, तिथून विमानतळ सव्वा तास. मी तरी पळालो. बावन्न वर्षांचा माणूस, बीपी एकशे अठ्ठावन्न, ज्वालामुखीच्या काठाने पळतोय, मागे डॉक्टर मशीन घेऊन, त्याच्या मागे बायको, मुलगी. तो म्हातारा वाटेत बाकावर बसून सफरचंद खात होता. आम्हाला पळताना बघून तो उठून उभाच राहिला आणि तलावाकडे बघायला लागला. त्याला वाटलं असणार, यांना काहीतरी कळलंय.

गाडीशी आल्यावर फोनला रेंज आली. वेदांतला लावला. तो म्हणतो, "मामा, बसलात का विमानात?" मी म्हटलं नाही रे, चुकलं. तो म्हणाला, सकाळपर्यंत थांबलो असतो आम्ही, सगळ्यांना तसं सांगूनही ठेवलंय. मी म्हटलं पुढचं बघतो. मयुरेश आणि नंदिनी, दोघं दोन फोनवर. त्या रात्रीची सगळी भरलेली, मिळालं ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळचं, मध्ये आठ तास कुठेतरी बसायचं. वेदांत म्हणाला, मामा, इतकं नाही ठेवता येणार. मी म्हटलं, उरका तुम्ही. मग त्याने चाचरत विचारलं, साडीचं कसं करू?

आमच्यात रीत आहे, नवऱ्यामागे राहो की नवऱ्याआधी जावो, लेक गेली की शेवटची साडी माहेरची नेसवायची. आईवडील केव्हाच गेले. ताईचं माहेर म्हणजे मी. आणि माहेर पार्किंगमध्ये उभं, बुटांना चिखल. मी म्हटलं, तूच आण चांगलीशी, मामाची म्हणून. तो म्हणाला, बघतो.

पोचलो तिसऱ्या दिवशी. सगळं झालं होतं. घर झाडून स्वच्छ. ताईचे यजमान, आमचे दाजी, ओट्यावर बसले होते. मला बघितल्यावर उठले, आधी मला म्हणाले, काही खाल्लंस का? मग मला बसवलं. मी बसलो. तिथे काय, कुठेही बसलो असतो. माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, उल्हास, मनाला लावून घेऊ नकोस. शांत गेली. त्रास म्हणून काही झाला नाही. आणि साडीचीही काळजी करू नकोस, तुझीच नेसवली. ती मोरपंखी, तू भाऊबीजेला दिलेली. फार आवडती होती तिची.

मी दाजींकडे बघितलं. वेदांत जमिनीकडे बघत होता. तनया आत निघून गेली.

म्हटलं, कुठेतरी पाणी मुरतंय.

पण मी म्हटलं, हो, ती. काठ फार छान होते तिचे.

दाजींना बरं वाटलं, मला पटलं म्हणून. आता काय आहे, एकोणीस वर्षं मी जर्मनीत. भाऊबीजेला मी ताईला मिक्सर पाठवला, गुडघ्याला शेकायचा पट्टा पाठवला, एकदा कॉफीचं मशीन, ते त्यांनी खोक्यातून काढलंच नाही. साडी आणू का म्हटलं की म्हणायची, साड्या खूप आहेत रे मला, आणि मी ते खरं धरायचो. हजार ब्रेक तपासले, पण हे कधी तपासून बघितलं नाही.

तुम्हाला म्हणून सांगतो, दाजींच्या कानावर जाऊ देऊ नका. मोरपंखी तर सोडाच, मी ताईला साडी कधी दिलेलीच नाही.